श्रावस्तीचा गोल

मैदानावर चुना पडला की मी पोरी मोजायला लागते.

दिवाळी होऊन गेलेली असते. गल्लीतले आकाशकंदील अजून उतरवलेले नसतात, त्यांचे कागद दवाने मऊ पडलेले असतात. सकाळी अंगाला गारवा झोंबतो, आणि अन्नपूर्णा भागातल्या आमच्या शाळेच्या मैदानावर माणूस चाकाची पेटी ओढत रेघा मारायला येतो. ओल्या गवतावर कोरडा चुना पडला की एक वास सुटतो. नव्या सारवलेल्या भिंतीसारखा, पण त्यात काहीतरी नाक जाळणारं. बाकीच्यांना त्या वासाने हुशारी येते. पोरी तर रेघ वाळायच्या आधीच तिच्यावरून चालून बूट पांढरे करून घेतात. मी मात्र झाडू हातात धरून जरा वेळ उभी राहते. लीग लागली. आता फेब्रुवारीपर्यंत दर रविवार.

मी या शाळेत आया आहे. गाव जिंतूरकडचं. नवऱ्याला विजय नगरात एका बिल्डिंगवर गार्डची नोकरी लागली म्हणून इंदूरला आलो. इथे आमचं म्हणावं असं कुणी नाही. गावाकडून फोन आला की पहिल्यांदा वाईटच मनात येतं, मग आवाज ऐकू येतो. अजूनही तसंच होतं. नोकरी जाईल, खोली जाईल, कुणीतरी विचारेल की बाई तुम्ही किती शिकलात, अशी धाकधूक मी बरोबर घेऊनच फिरते. आणि तरी या शहराने मला घालवून दिलेलं नाही, हे मी रोज सकाळी शाळेचं फाटक उघडताना मनात म्हणते.

फुटबॉलशी माझा संबंध आला तो एका नियमामुळे. बारा वर्षांखालच्या मुलींचा संघ असला की त्याच्या बाकावर सामन्याच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक तरी बाई बसलेली पाहिजे. बाई नसेल तर रेफ्री शिट्टी वाजवत नाही. आमचे खेळाचे मास्तर म्हणजे मुळे सर. त्यांचे पणजोबा संस्थानाच्या दफ्तरात कामाला म्हणून पुण्याकडून आले आणि इथलेच झाले. सरांची मराठी अशी की अर्धं वाक्य मराठीत निघतं आणि हिंदीत पोचतं. ते एके दिवशी पायऱ्यांशी आले आणि म्हणाले, "ताई, संडेला बेंचवर बैठायचं बस. एवढं करून द्या."

मी म्हटलं, "सर, मला त्यातलं काही समजत नाही."

"तिकडे कुणाला समजतं? मी तीस साल झाले बैठलो आहे."

"शिक्षण विचारतील का?"

सर हसले नाहीत. "बेंचवर बैठायला शिक्षण नाही लागत, ताई. सब्र लागते."

तर अशी मी बाकावरची बाई झाले. पाण्याच्या बाटल्या, बर्फाची पिशवी, केस बांधायचे रबर, संत्र्याच्या फोडी. सामन्याच्या कागदावर माझं नाव यायचं, एका वेगळ्या रकान्यात. ज्या खेळात मला ऑफसाइड अजून कळत नाही, त्यात मी नसले तर खेळ सुरू होत नाही. हे कुणाला सांगावं तर हसतील. मला मात्र त्या रकान्याचा फार आधार वाटायचा.

लहान मुलांच्या लीगचे नियम मोठ्यांसारखे नसतात. बसून बसून ते माझ्या कानावर पडत गेले. मैदान लहान, एका बाजूला सात मुली. हंगामाच्या आधी नावं द्यायची, एकदा हंगाम लागला की नवीन नाव घ्यायचं नाही. पाचपेक्षा कमी मुली मैदानात असल्या तर सामना होत नाही, समोरच्याला फुकट जातो. असे दोन सामने फुकट गेले की संघ लीगमधून बाहेर. दहा गोलांचा फरक पडला की रेफ्री तिथेच खेळ थांबवतो आणि सामना पुरा झाला असं धरतात, म्हणजे लेकरांची आणखी शोभा नको. आईबापांनी दोरीच्या मागे उभं राहायचं, ओरडायचं नाही, नाव घेऊन काही सांगायचं नाही. टाळ्या वाजवायच्या. चांगला खेळ दिसला तर दोन्ही बाजूंसाठी वाजवायच्या.

नियम करणाऱ्याच्या मनात माया असावी, असं मला तेव्हा वाटायचं. वाईट हेतूने कुणी असे नियम करत नाही.

श्रावस्ती आमच्या संघात सगळ्यांत बुटकी. आजोबा महूला फौजेत होते, वडील बँकेत. घरात बुद्धाची पांढरी मूर्ती आणि तिच्याशेजारी आजोबांची बिल्ले लावलेली टोपी. हे मी नंतर पाहिलं, पाहायला नको होतं त्या वेळेला. ती यायची ती बुटाच्या नाड्या लोंबकळवत. मी बांधून द्यायची, ती धावत जायची, परत सुटलेल्या. "ताई, तुमची गाठ ढिली आहे," वर मलाच ऐकवायची.

पहिला सामना आम्ही वाईट हरलो. पण त्यात एकदा समोरच्या गोलाजवळ बराच गोंधळ झाला, सगळ्यांचे पाय एकात एक, आणि बॉल श्रावस्तीच्या नडगीला लागून रेघेच्या आत गेला. तिला कळलंच नाही. सगळ्या तिच्याकडे धावल्या तेव्हा ती मागे सरकली, मारतात की काय असं वाटून. मग बाकाकडे वळून तिने विचारलं, "ताई, माझा लागला का?"

मी मान हलवली. मला तरी कुठे खात्री होती. सरांनी बोट वर केलं तेव्हा ती हसली. दोरीच्या मागे तिची आई उभी होती. तिने पर्स काखेत दाबून धरली आणि टाळ्या वाजवल्या, हळू, नियमात बसतील अशा.

त्या हंगामातला आमचा तो एकच गोल.

पुढच्या आठवड्यात ती सरावाला आली ती डोळे चोळत. "डोळ्यांच्या मागे दुखतंय," म्हणाली. हात लावला तर अंग तापलेलं. सरांनी लगेच आईला फोन केला, आई येऊन घेऊन गेली. मैदानापलीकडच्या खड्ड्यांत पावसाचं पाणी अजून होतं. पाणी गल्लीगल्लीत होतं. डास कुठला, कुठे चावला, कोण सांगणार. तिचे वडील प्लेटलेटसाठी स्कूटरवरून शहरभर फिरत राहिले. ज्या दवाखान्यात ती होती तो माझ्या नवऱ्याच्या बिल्डिंगसमोरच. त्याने फोन करून सांगितलं ते एवढंच, "तुमची ती लहानी गेली."

तिच्या घरी पांढऱ्या कपड्यांतली माणसं, हळू आवाजातलं त्रिशरण, आणि कोपऱ्यात तिचे बूट. नाड्या आत खोचून कुणीतरी जोडीने नीट लावून ठेवलेले. मी तिथे फार वेळ थांबू शकले नाही.

त्याच रविवारी आमचा सामना होता. कुणाला आठवण असणार. आम्ही गेलो नाही आणि तो फुकट गेला. सर लीगच्या ऑफिसात जाऊन आले. तिथले सेक्रेटरी भले गृहस्थ, त्यांनी चहा पाजला, डोळे पुसले आणि म्हणाले, "सर, पुढे ढकलायचा अर्ज आधी यायला पाहिजे होता. घडलं ते फार वाईट झालं, पण अशासाठी नियम नाही हो." मुलगी दुसऱ्या शाळेत गेली तर काय, पाय मोडला तर काय, सगळ्याला कलम होतं. याला नव्हतं. तिच्या जागी नवीन नावही घेता येणार नव्हतं. सर मला हे सांगताना पायरीवर बसले होते आणि शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होते, सोडत होते.

मग आईबाप घाबरले. घाबरणारच. एक पोरगी बंद झाली, मग दुसरी. उरल्या पाच. नियमातही पाचच. पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की काढून घ्या संघ, कशाला ओढताय. आणखी कुणी लिहिलं की मधूनच संघ काढला तर आजवरचे सगळे निकाल रद्द होतात, आपल्याला काय फरक पडतो, सगळे हरलेलेच आहेत.

दुसऱ्या दिवशी श्रावस्तीची आई शाळेच्या फाटकाशी आली. आत आली नाही. शाळा सुटायची वेळ, रिक्षा, सायकली, पोरांचा कलकलाट, आणि ती त्यात उभी. मी सरांना बोलावून आणलं.

"सर, सगळे निकाल रद्द म्हणजे काय होतं?"

सरांनी सांगितलं. संघ बाहेर पडला किंवा काढला, तर त्याने खेळलेले सामने तक्त्यातून निघतात. हार-जीत, गोल, सगळं. जसा काही तो संघ नव्हताच.

"तो गोल पण?"

"हाओ, ताई. तो पण."

तिने मान डोलावली. रडली नाही, काही मागितलं नाही. "म्हणजे ती खेळलीच नाही, असं," एवढं म्हणाली आणि पदर सारखा करून चालायला लागली.

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. मी आठवीत अर्धं वर्ष शिकले आहे. शेजारच्या गावी चालत जायचे. सहामाहीत मला गणितात वर्गात दुसऱ्या नंबरचे मार्क होते. मग वहिनी बाळंत झाली, घरात बाई माणूस पाहिजे होतं, माझी शाळा सुटली ती सुटलीच. दाखल्यावर सातवी पास. ते अर्धं वर्ष कुठेच नाही. ती वाट, ती सहामाही, ते मार्क, मास्तरांनी पाठीवर दिलेली थाप, सगळं झालं होतं, पण वर्ष पुरं केलं नाही म्हणून ते धरत नाहीत. मी कुणाला सांगितलं तरी पुरावा काय. त्यामुळे ती बाई फाटकाशी काय विचारत होती, ते मला सरांच्याही आधी समजलं असावं.

सर आणि मी त्या पाच घरांत गेलो. शिल्लक राहिलेले सामने खेळू द्या एवढंच म्हणायला. पलक आमची गोलकीपर, उंच, कमी बोलणारी. तिचे वडील हातोदच्या मंडीत सोयाबीनचा व्यापार करतात. त्यांनी बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि मला विचारलं, "ताई, एक गोल के लिए? मेरी बच्ची को कुछ हो गया तो आप लोगे जिम्मेदारी?"

घेईन म्हटलं तर ते खोटं, नाही म्हटलं तर आलोच कशाला. पलक दाराशी उभी होती. ती म्हणाली, "पापा, मैं फुल बाही पहन के जाऊंगी." तेवढ्यावर त्यांनी तिला येऊ दिलं. जिवंत पोरींना गेलेल्या पोरीसाठी उभं करणं बरोबर होतं का, हे मला अजून ठरवता येत नाही.

तो हिवाळा आठवतो तो असा. पाच पोरी, सातांसमोर. धुकं इतकं की समोरचा गोल दिसायचा नाही, फक्त जाळ्याचा आवाज यायचा आणि कळायचं की बॉल पुन्हा आमच्याच जाळ्यात गेला. बोटं गारठलेली, संत्र्याची साल सोलताना नखांखाली झोंबायची. बाहीला ओडोमॉसचा वास. रविवारी पहाटेपासून माझा एकच हिशेब, पाचही येतील ना. एखादी शिंकली तरी मी तिच्या कपाळाला हात लावून बघायची. हरण्याचं कुणाला काही राहिलं नव्हतं. एक-दोनदा दहाच्या नियमातच सामना संपला आणि पोरी एकमेकींकडे बघून हसल्या, की चला, लवकर सुटलो. दर आठवड्याला लीगवाले मैदानाकडेच्या पत्र्याच्या शेडवर नवा फ्लेक्स लावायचे. त्यावर सगळ्या संघांचा तक्ता. आमचा सगळ्यांत खाली. खाल्लेल्या गोलांचा आकडा वाढत चाललेला, आणि केलेल्या गोलांच्या रकान्यात एक. श्रावस्तीची आई येऊन त्या फ्लेक्ससमोर उभी राहायची आणि जायची.

शेवटचा सामना विजय नगरच्या एका अकॅडमीशी होता. सगळ्यांचे एकसारखे ट्रॅकसूट, गाड्यांतून उतरलेल्या, बर्फाचा वेगळा डबा. त्यांच्या कोच म्हणजे एक तरुण मॅडम, केस घट्ट बांधलेले. पहिला नंबर त्यांचा आधीच पक्का झाला होता. आमच्या पाची पोरी आल्या होत्या. दोरीमागे पलकचे वडील हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून उभे, आणि थोडं लांब श्रावस्तीची आई.

आमच्यावर सात गोल झाले तेव्हा पलक पडली. तिचा घोटा वळला. रेफ्री, एक पोरगेलासा मुलगा, वाकून म्हणाला, "बेटा, बाहर जाना है?"

ती बाहेर आली की उरणार चार. सामना थांबणार, फुकट जाणार, तो दुसरा. मग सगळंच पुसलं जाणार. हे तिला माहीत होतं, बाकावर आम्हाला माहीत होतं, दोरीमागे त्या दोघांना माहीत होतं. तिच्या वडिलांनी दोरी धरली होती. त्यांनी नुसतं नाव घेतलं असतं तरी ती आली असती. ओरडायचं नाही हा नियम त्यांनी पाळला की आणखी काही पाळलं, मला माहीत नाही. पलकने माझ्याकडे पाहिलं. मला ना ये म्हणता आलं ना थांब. मग ती उठली, लंगडत गोलाच्या खांबाशी गेली आणि खांब धरून एका पायावर उभी राहिली.

आणि तिथून जे झालं ते भलतंच. समोरच्या पोरींना तिची दया आली. त्यांच्या मॅडमनी हातानेच खूण केली असणार, कारण त्या गोलाकडे यायच्याच थांबल्या. आपापसात बॉल देत राहिल्या. इकडून तिकडे, तिकडून इकडे, अगदी हळू. लोक टाळ्या वाजवायला लागले, काय संस्कार आहेत म्हणून. वेळ काही सरेना. पलकचा चेहरा राखेसारखा झाला होता, खांबावरून हात घसरत होता.

सर इथल्यांसारखं भैयाचं भिया करत तोंडातल्या तोंडात म्हणाले, "अरे मारा ना भिया. तीनच तर पाहिजेत."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दहाचा फरक पडला की सामना पुरा. सरांना आखलेल्या चौकटीच्या बाहेर जाता येत नव्हतं, त्यांच्यासाठी तो नियम होता. माझा नियम बाक सोडायचा नाही एवढाच होता, पण पाणी द्यायला मी उठायचेच. मी पाण्याची बाटली उचलली आणि मैदानाच्या मागून वळसा घालून समोरच्या बाकाकडे निघाले. कुणी विचारलं तर, शाळेत तक्रार गेली तर, सगळं डोक्यात होतं.

"मॅडम, तुमच्या मुलींना गोल मारायला सांगा."

त्यांना वाटलं मी टोमणा मारतेय. "आँटी, हम तो आपकी बच्ची का सोच के..."

"हो. म्हणूनच. तीन मारून टाका. मग ती बसू शकेल." आणि माझ्या मोडक्या हिंदीत मी सांगितलं, पाच मुली, चार झाल्या तर काय होतं, आणि तो एक गोल कुणाचा.

त्या ऐकत होत्या आणि पलककडे बघत होत्या. मग त्यांनी तोंडाशी हात धरला. "गर्ल्स. शूट करो. अभी."

आठवा. नववा. पलकने हालचाल केली नाही, नुसती डोळे मिटून खांबाला टेकली होती. दहावा लहानशा पोरीने मारला, जोर नसलेला, बॉल घरंगळत रेघेवरून आत गेला. आता टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं, मघाचे लोक नाराज झाले होते. काय पण पोरी, जखमी मुलीवर गोल मारतात. त्या शांततेत टाळ्यांचा आवाज आला. श्रावस्तीची आई. पर्स काखेत दाबलेली, हळू, नियमात बसतील अशा.

रेफ्रीने लांब शिट्टी दिली.

पलकच्या वडिलांनी दोरी ओलांडली आणि तिला उचलून घेतलं. माझ्या जवळून जाताना थांबले. हेल्मेटच्या आतून म्हणाले, "हो गया आपका?"

पलकने या वर्षी नाव दिलं नाही. घोटा बरा झाला, असं तिच्याबरोबरच्या पोरी सांगतात.

शेवटचा फ्लेक्स लागला त्या दिवशी श्रावस्तीची आई आली. सगळे सामने पुरे, आमच्या ओळीत एकही जीत नाही, आणि त्या रकान्यात एक. ती बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं फोटो काढेल. नाही काढला.

"आता मी नाही येणार, ताई," म्हणाली. "तुम्ही बसता ना, बसत जा."

नवा हंगाम आला की लीगच्या मोबाईलवरच्या पानावर नवा तक्ता येतो. जुना कुठे जातो, मी सरांना विचारलं. "जातो कुठेतरी," सर म्हणाले, "कोण बघतं मागचं." आता सगळ्या संघांपुढे शून्य आहे. आमच्याही. नव्या पोरी आल्या आहेत, त्यांतल्या एकीच्याही नाड्या नीट बांधलेल्या नसतात. पूर्ण हंगाम खेळून जो गोल आम्ही राखला, तो हंगाम संपल्यावर तसाही गेलाच. हे त्या आईला तेव्हाच कळलं असेल का? असेल. तरी ती दर आठवड्याला येत होती. माझं अर्धं वर्षही कुणी पुरं करून दिलं असतं, तर आज ते कुठे असतं? कुठेच नाही. पण पुरं झालं असतं.

आज सकाळी चुना काढायला शेडमध्ये गेले. पोत्यांना ओल लागू नये म्हणून रेघा मारणाऱ्याने त्यांच्यावर फ्लेक्स पांघरला होता. तोच, मागच्या हंगामाचा शेवटचा. छपाई वरच्या बाजूला, त्यावर पत्र्याच्या फटीतून ऊन पडत होतं. आमची ओळ अगदी खाली, एका घडीत, चुन्याने माखलेली.

बाहेर मुळे सर हाक मारत होते, "ताई, किती टाइम लागतोय?" मी पोतं ओढून घेतलं. मग फ्लेक्स उलटा केला, अक्षरं खाली जातील असा, आणि परत नीट घातला. उन्हाने छपाई लवकर उडते.